सर फिरोजशहा मेहता : नगरपालिकेतील एक पराभव

नगर निगमाच्या निवडणुकीचे निकाल लागतात त्या दिवशी उज्जैनच्या देवास गेटवरील वर्दळीला निराळाच रंग चढतो. बसस्थानकाबाहेरच्या चहाच्या ठेल्यांवर कोणत्या वॉर्डात कोण किती मतांनी आले, कोणाचे तिकीट कोणी कापले आणि कोणत्या पक्षाच्या यादीत कोणाचे नाव कसे शिरले, याचीच चर्चा चालू असते. पार्षद निवडून देणे ही आज नित्याची बाब वाटते. १९९२ साली झालेल्या घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरसंस्थांच्या मुदतबंद निवडणुकांना संविधानाचा आधार दिला. परंतु शहराचा कारभार शहरातील लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हाती असावा, हा विचार या देशात आपोआप रुजलेला नाही. त्यासाठी ज्यांनी आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे वेचली, अशा माणसांत मुंबईचे सर फिरोजशहा मेहता यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

फिरोजशहांचे नाव घेताच काँग्रेसचे एक संस्थापक, कायदेमंडळातील निर्भय वक्ते आणि नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांना गुरुस्थानी असलेले नेते म्हणून त्यांची आठवण होते. ती योग्यच आहे. तथापि त्यांचा खरा संसार मुंबईच्या महानगरपालिकेत होता. तेथेच ते घडले आणि तेथेच त्यांनी अनेकांना घडविले. १९०७ साली आपल्या आयुष्यातील सर्वांत गाजलेला पराभवही त्यांनी तेथेच पाहिला. त्या पराभवाची हकीकत समजून घेतल्याशिवाय फिरोजशहांच्या कार्याचे मोल नीट कळत नाही.

जन्म आणि शिक्षण

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी व्यापारी कुटुंबात झाला. वडिलांचा कामा कंपनीच्या व्यवहाराशी संबंध होता. विद्येचीही त्यांना आवड होती. एल्फिन्स्टन कॉलेजात सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या हाताखाली फिरोजशहांचे शिक्षण झाले. १८६४ साली ते बी. ए. झाले आणि लवकरच एम. ए. ची पदवीही त्यांनी मिळविली. मुंबई विद्यापीठाचे ते पहिले पारशी एम. ए. होत.

त्याच सुमारास रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी पाच हिंदी तरुणांना विलायतेत बॅरिस्टरीचे शिक्षण घेता यावे म्हणून दीड लाख रुपयांची देणगी जाहीर केली. ग्रँटसाहेबांच्या शिफारशीने फिरोजशहांची निवड झाली व ते लंडनला गेले. तो काळ मुंबईच्या शेअरबाजाराच्या उन्मादाचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली युद्ध थांबले आणि मुंबईतील कित्येक धनिक एका रात्रीत रस्त्यावर आले. त्यांत या देणगीदारांचाही समावेश होता. शिष्यवृत्तीचा ओघ आटला. तरीही फिरोजशहांनी लिंकन्स इनमधील शिक्षण पुरे केले आणि १८६८ साली बॅरिस्टर होऊन ते परतले. लंडनच्या मुक्कामात दादाभाई नवरोजी, उमेशचंद्र बॅनर्जी आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. इंग्लंडमधील नगरसंस्था व पार्लमेंट यांचा कारभार त्यांनी जवळून पाहिला. पुढील आयुष्याची दिशा तेथेच ठरली.

क्रॉफर्ड प्रकरण आणि १८७२ चा कायदा

फिरोजशहा परतले तेव्हा मुंबईचा कारभार १८६५ च्या कायद्याप्रमाणे चालत असे. सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस या मानकऱ्यांच्या मंडळाकडे नगरीची देखरेख होती आणि अंमलबजावणीची सर्व सत्ता एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती होती. या जागेवर आर्थर क्रॉफर्ड हे कर्तबगार गृहस्थ होते. त्यांनी गटारे, रस्ते, मंडया यांची कामे धडाक्याने केली. त्यांच्या नावाची मंडई मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची आहे. परंतु खर्चाला ताळतंत्र राहिला नाही. तिजोरीत खडखडाट झाला, करांचा बोजा वाढला आणि १८७१ साली करदात्यांचा असंतोष उसळून आला. नवरोजी फर्दुनजी, सोराबजी शापूरजी बंगाली, विश्वनाथ नारायण मंडलिक अशा मान्यवर पुढाऱ्यांनी कारभारातील सुधारणेचा प्रश्न हाती घेतला. कमिशनरचे अधिकारच काढून घ्यावेत, असा लोकांचा सूर होता.

अशा वेळी धोबी तलावावरील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनी एक निबंध वाचला. त्यांचे म्हणणे सर्वांहून निराळे होते. क्रॉफर्ड यांचा उधळेपणा त्यांनी नाकारला नाही. पण दोष मुख्यतः त्यांच्यावर देखरेख न करणाऱ्या जस्टिस मंडळाचा आहे, असे त्यांनी दाखवून दिले. अंमलबजावणी एका जबाबदार अधिकाऱ्याकडेच असावी. मात्र त्याच्यावर अंकुश ठेवणारे मंडळ सरकारने नेमलेले नसावे, ते करदात्यांनी निवडून दिलेले असावे, असा त्यांचा सिद्धांत होता. संतापलेल्या श्रोत्यांना हे रुचले नाही. सभेत गोंधळ झाला आणि तरुण वक्त्याला लोकांचा रोष पत्करावा लागला. याच क्रॉफर्डसाहेबांची पुढे पुण्यास मध्य विभागाचे कमिशनर असताना लाचलुचपतीच्या आरोपांवरून चौकशी झाली आणि त्यांना नोकरी गमवावी लागली, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे. फिरोजशहांनी बाजू घेतली ती त्या गृहस्थाच्या कर्तबगारीची आणि एका तत्त्वाची. त्यांतील तत्त्व टिकले.

१८७२ च्या कायद्याने मुंबईला चौसष्ट सभासदांचे कॉर्पोरेशन मिळाले. त्यांपैकी बत्तीस करदात्यांनी निवडायचे, सोळा जस्टिस मंडळींनी निवडायचे आणि सोळा सरकारने नेमायचे, अशी रचना होती. मताचा अधिकार सालीना निदान पन्नास रुपये कर भरणाऱ्यांपुरताच होता. तरीही शहराच्या कारभारात लोकांनी मत देऊन माणसे पाठवावीत ही गोष्ट मुंबईत प्रथम घडली. फिरोजशहा प्रारंभापासूनच या कॉर्पोरेशनमध्ये आले आणि मृत्यूपर्यंत त्यांचा तेथील संबंध सुटला नाही.

कॉर्पोरेशनमधील कार्य

१८८४ आणि १८८५ अशी दोन वर्षे लागोपाठ ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. १८८२ सालच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला चालना देणारे लॉर्ड रिपन डिसेंबर १८८४ मध्ये हिंदुस्थानचा निरोप घेत होते. जाण्यापूर्वी मुंबईस त्यांच्या हस्ते पालिकेच्या नव्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली, तेव्हा अध्यक्षपदी फिरोजशहाच होते. बोरीबंदरासमोरील ती भव्य वास्तू १८९३ साली पूर्ण झाली.

त्यांचे सर्वांत चिरस्थायी काम म्हणजे १८८८ चा मुंबई म्युनिसिपल कायदा. लॉर्ड रे यांच्या कारकीर्दीत सरकारने या कायद्याचा मसुदा आणला. त्यात कमिशनरच्या हाती अधिक सत्ता देऊन कॉर्पोरेशनला गौण स्थान देण्याचा धोका होता. फिरोजशहा आणि न्यायमूर्ती होण्यापूर्वीचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघेही तेव्हा कायदेमंडळाचे सभासद होते. भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतरकार आणि प्राच्यविद्येचे पंडित म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले तेलंग हे फिरोजशहांचे जिवलग सहकारी होते. दोघांनी कलमामागून कलम तपासले, उपसूचना मांडल्या आणि नगराच्या कारभारात अंतिम अधिकार कॉर्पोरेशनचा राहील अशी व्यवस्था करवून घेतली. सभासदांची संख्या बहात्तर झाली. त्यांत छत्तीस वॉर्डांतून, सोळा जस्टिस मंडळींकडून, दोन विद्यापीठाच्या फेलोंकडून, दोन चेंबर ऑफ कॉमर्सकडून यावयाचे आणि सोळा सरकारनियुक्त असावयाचे होते. मतदानासाठी लागणारी कराची अट तीस रुपयांवर आली. याच कायद्यात आणखी काही कलमे होती. कॉर्पोरेशनच्या ठेक्यात ज्याचा हितसंबंध असेल त्याला सभासद होता येणार नाही, असे त्यांतील एक सांगत होते. निवडणुकीविषयी तक्रार असल्यास स्मॉल कॉज कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशाकडे दाद मागता येईल, असे दुसरे सांगत होते. ती त्या वेळी किरकोळ वाटावीत अशीच होती. एकोणीस वर्षांनी त्यांचे महत्त्व कळावयाचे होते.

फिरोजशहांची सभागृहातील कामाची पद्धत विलक्षण होती. अंदाजपत्रकातील आकडे त्यांना मुखोद्गत असत. कायद्याचे कलम पुस्तक न उघडता ते सांगत. प्रतिपक्षाचे म्हणणे ते शांतपणे ऐकून घेत आणि मग त्यावर असा काही प्रहार करीत की सभागृहाचे मत फिरून जाई. १८९२ साली तानसा तलावाचे पाणी मुंबईला मिळू लागले. १८९६ साली प्लेगने शहराला ग्रासले. १८९८ साली सरकारने शहरसुधारणेसाठी निराळा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला, तेव्हा करदात्यांचा पैसा करदात्यांना जबाबदार नसलेल्या मंडळाच्या हाती जात असल्याबद्दल फिरोजशहांनी कडक टीका केली. पोलिसांचा खर्च शहराने सोसावा की सरकारने, हा वाद कित्येक वर्षे चालला. अखेर १९०७ साली पोलिसांचा खर्च सरकारने घेतला आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व दवाखाने यांसारख्या लोकोपयोगी कामांची जबाबदारी पालिकेकडे आली. ज्या खर्चावर आपला ताबा नाही तो शहराने सोसू नये आणि आपल्या लेकरांच्या शाळा शहरानेच चालवाव्यात, हे फिरोजशहांच्या बाजूने चाललेल्या झगड्याचे फळ होते.

नगराबाहेरही त्यांचे कार्य विस्तारत गेले. जानेवारी १८८५ मध्ये तेलंग व तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापिली. त्याच वर्षी मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. १८९० च्या कलकत्त्याच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. कॉर्पोरेशनने त्यांना प्रांतिक कायदेमंडळात पाठविले आणि तेथून ते वरिष्ठ कायदेमंडळात गेले. तेथील त्यांची निर्भीड भाषणे ऐकून सरकारी सभासद चकित झाले. १९०१ साली मुंबई सरकारने जमीनमहसुलाच्या कायद्यात शेतकऱ्याच्या जमिनीवरील हक्काला बाध आणणारी दुरुस्ती आणली, तेव्हा फिरोजशहांनी गोखले प्रभृती सहकाऱ्यांसह सभात्याग केला. १९०४ साली त्यांना सर हा किताब मिळाला. १९०५ साली ते पुन्हा कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईस आले तेव्हा नगरीचे प्रथम नागरिक या नात्याने त्यांनी स्वागत केले. मुंबईचा अनभिषिक्त राजा असे लोक त्यांना म्हणू लागले.

कॉकसचे कारस्थान

राजा म्हटले की शत्रूही आलेच. फिरोजशहांचा दरारा अनेकांना खुपत होता. त्यांच्या मताविरुद्ध कॉर्पोरेशनमध्ये काही चालत नाही, सभासद स्वतःच्या बुद्धीने मत देत नाहीत, अशी तक्रार युरोपियन अधिकारी व व्यापारी वर्तुळात होत असे. ती अगदीच निराधार नव्हती. फिरोजशहा मानी होते, पोशाखाचे व थाटाचे शोकीन होते आणि विरोध सहन करण्याचा त्यांचा पिंड नव्हता. त्यातच वंगभंगानंतर देशभर स्वदेशीची चळवळ पेटली होती. अशा काळात एवढ्या मोठ्या शहराची संस्था एका हिंदी पुढाऱ्याच्या शब्दावर चालावी, हे राज्यकर्त्या वर्गास मानवण्यासारखे नव्हते.

१९०७ च्या प्रारंभी कॉर्पोरेशनची निवडणूक आली. फिरोजशहा उभे होते ते जस्टिस मंडळींच्या मतदारसंघातून. ज्या मंडळाच्या निष्काळजीपणावर १८७१ साली त्यांनी बोट ठेवले होते, त्याच मंडळातून ते निवडून येत असत. या मंडळातील माणसे सरकारने नेमलेली. त्यांत सरकारी अधिकारी होते, युरोपियन व्यापारी होते आणि किताबांची आशा धरणारे श्रीमंत हिंदी गृहस्थही होते. या वस्तुस्थितीचा फायदा घ्यावयाचा, असे काही मंडळींनी ठरविले. अकाउंटंट जनरल हॅरिसन हे त्यांचे सूत्रधार होते. पोलीस कमिशनर गेल आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांचे त्यांना पाठबळ होते. या गटाला मुंबईकरांनी कॉकस हे नाव दिले आणि ते नाव मुंबईच्या इतिहासात कायम झाले.

कॉकसची युक्ती साधी होती. जागा सोळा, त्यांनी सोळाच नावांची एक यादी तयार केली. त्या यादीत युरोपियनांबरोबर हिंदी गृहस्थही होते. फिरोजशहा मात्र नव्हते. मतदारांनी ही यादी जशीच्या तशी स्वीकारावी, असा प्रचार झाला. एरवी अशा निवडणुकीत मते व्यक्तींच्या योग्यतेप्रमाणे व ओळखीप्रमाणे विखुरली जात. शिस्तबद्ध गटाने एकाच यादीला मते टाकली की विखुरलेल्या मतांचा टिकाव लागत नाही, हे गणित पक्षनिष्ठ निवडणुकांच्या युगात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मुंबईच्या नगरकारभारात ते इतक्या उघडपणे प्रथमच वापरले गेले. अधिकाऱ्यांनी आपल्या पदाचे वजन या कामी खर्च केले, हा लोकांचा मुख्य आक्षेप होता.

निकाल लागला तेव्हा यादीतील सोळाही जण निवडून आले होते. फिरोजशहांचे नाव सतरावे होते. ज्या संस्थेच्या घटनेसाठी त्यांनी पंचवीस-तीस वर्षे झगडा केला, तिच्या दाराबाहेर ते एका पायरीने राहिले.

शहरात खळबळ उडाली. माधवबागेत नागरिकांची निषेधसभा भरली. गोखल्यांनी फिरोजशहांच्या बाजूने आपली वाणी वेचली. फिरोजशहांचे कॉर्पोरेशनमधील वर्चस्व हे त्यांच्या अभ्यासाचे व निष्ठेचे फळ आहे, ते कोणी कोणावर लादलेले नाही, अशी त्यांच्या चाहत्यांची भूमिका होती. इतर वेळी फिरोजशहांच्या मवाळ राजकारणावर तुटून पडणाऱ्यांनाही अधिकाऱ्यांचा हा हस्तक्षेप पसंत पडण्यासारखा नव्हता.

आता १८८८ च्या कायद्यातील ती दोन कलमे पुढे आली. निवडून आलेल्या सोळांपैकी एका गृहस्थाचा कॉर्पोरेशनच्या ठेक्यात हितसंबंध असल्याचे उघडकीस आले. प्रकरण स्मॉल कॉज कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशासमोर गेले. त्या गृहस्थाची निवड रद्द ठरली आणि त्याच्या खालोखाल मते मिळविलेले, म्हणजे सतरावे उमेदवार, निवडून आल्याचे जाहीर झाले. फिरोजशहा सभागृहात परतले ते कोणाच्या कृपेने नव्हे, तर कायद्याने. ज्या कायद्याच्या शब्दाशब्दावर त्यांनी आणि तेलंगांनी मेहनत घेतली होती, तोच कायदा त्यांच्या मदतीला धावला. तेलंग हे पाहण्यास हयात नव्हते. १८९३ सालीच ते अकाली निवर्तले होते.

पराभवाची शिकवण

फिरोजशहांचा हा पराभव त्यांच्या शत्रूंनी घडविला, एवढेच म्हणून थांबणे न्यायाचे होणार नाही. त्यांच्या कार्यातील एक उणीव या निवडणुकीने उघड केली. कॉर्पोरेशनमध्ये वॉर्डातून येणारे सभासद अवघे निम्मे होते. त्यांना निवडणारे मतदारही तीस रुपये कर भरणारे. १९०१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ भरली. त्यांतील गिरण्यांत राबणारा, चाळीच्या एका खोलीत राहणारा कोकणी व घाटी कामगार या मतदारयादीत कोठेच नव्हता. प्लेगने मेले ते मुख्यतः हेच लोक. फिरोजशहा त्यांच्यासाठी झटले. पण त्यांचा आधार हे लोक नव्हते. त्यांनी सरकारशी झगडून संस्थेला अधिकार मिळवून दिले; त्या संस्थेचा पाया मात्र अरुंद राहिला. मूठभर मतदारांवर उभी असलेली सत्ता मूठभर माणसांच्या संगनमताने हलू शकते, हे कॉकसने दाखवून दिले.

याच वर्षाच्या अखेरीची दुसरी घटना मराठी माणसाला विसरता येत नाही. काँग्रेसचे अधिवेशन नागपुरास भरावयाचे होते. तेथे लोकमान्य टिळकांच्या पक्षाचा जोर होता. फिरोजशहा आणि त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने अधिवेशन सुरतेस हलविण्यात आले आणि डिसेंबर १९०७ मध्ये तेथे काँग्रेस दुभंगली. आपल्या विरोधी मताच्या लोकांना व्यवस्थेच्या जोरावर दूर ठेवण्याचा आरोप त्या वेळी फिरोजशहांवर आला. वर्षाच्या प्रारंभी एका यादीने ज्यांना बाहेर ठेवले, त्यांच्यावरच वर्षाच्या अखेरीस असा ठपका यावा, हा नियतीचा चमत्कारिक न्याय म्हणावा लागेल. मोठ्या माणसाच्या चरित्रात या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात. सत्तेचा खेळ किती सहजपणे आपल्या हातून खेळला जातो, याचे भान थोरांनाही राहत नाही.

परंतु पराभवानंतर फिरोजशहांनी जे केले ते त्यांच्या थोरवीला शोभणारेच होते. ते रुसून घरी बसले नाहीत. वृत्तपत्राची सत्ता एकाच बाजूच्या हाती असली की लोकमताचे काय होते, याचा अनुभव त्यांना या निवडणुकीत आला होता. ३ एप्रिल १९१३ रोजी त्यांच्या प्रेरणेने बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक निघाले. बेंजामिन हॉर्निमन त्याचे संपादक झाले. पुढे स्वातंत्र्यलढ्यात या पत्राने केलेली कामगिरी सर्वश्रुत आहे. १९११ साली सोराबजी पोचखानावाला यांनी स्थापिलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष झाले. कॉर्पोरेशनचे अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात एकूण चार वेळा भूषविले. १९१५ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत गोखले निवर्तले आणि ५ नोव्हेंबर १९१५ रोजी फिरोजशहांचीही प्राणज्योत मालवली.

त्यांच्यानंतर

फिरोजशहांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १९२२ साली, मुंबईच्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ज्या जस्टिस मतदारसंघाने त्यांना पाडले होते तो नाहीसा झाला आणि दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकऱ्यालाही मत मिळाले. १९३१ साली कॉर्पोरेशनच्या अध्यक्षाला महापौर म्हणू लागले. १९४८ साली प्रौढ मतदानाच्या तत्त्वावर मुंबईची निवडणूक झाली आणि चाळीतील माणूस मतपेटीपर्यंत पोहोचला. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत समितीने पालिका जिंकली आणि १९५८ साली मिरत कटाच्या खटल्यातील एक आरोपी राहिलेले कामगारनेते कॉम्रेड शांताराम मिरजकर महापौर झाले. १९८५ साली शिवसेनेची सत्ता आली. प्रत्येक निकालाच्या दिवशी कोणाच्या तरी यादीची सरशी झाली आणि कोणीतरी योग्य माणूस सतरावा राहिला. परंतु या सर्व निवडणुका ज्या मूळ कायद्याच्या आधारे झाल्या, तो १८८८ चाच होता.

पालिकेच्या इमारतीसमोर फिरोजशहांचा पुतळा उभा आहे. मलबार टेकडीवरील उद्यानाला आणि फोर्टमधील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. मुंबईस जाणारा उज्जैनकर बोरीबंदरावर उतरला की त्या पुतळ्यावरून त्याची नजर सहज जाते. त्यांची हकीकत मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

ज्या पिढीने मुंबईपासून माळव्यापर्यंत मराठी वाचनालये, ग्रंथालये आणि सार्वजनिक संस्था उभारल्या, त्या पिढीवर अशाच माणसांचा संस्कार होता. उज्जैन त्या वेळी शिंदे सरकारच्या राज्यात होते. मुंबईचा म्युनिसिपल कायदा येथे लागू नव्हता. पण चार माणसांनी एकत्र यावे, वर्गणी भरावी, नियमावली लिहावी, सभासदांच्या मताने कार्यकारी मंडळ निवडावे आणि हिशेब सर्वांसमोर मांडावा, ही रीत एकच होती. शंभर वर्षे टिकणारी संस्था एखाद्या कर्त्या पुरुषाच्या दराऱ्यावर टिकत नाही. तो पुरुष एक दिवस सतरावा ठरतो किंवा काळाच्या पडद्याआड जातो. मागे राहते ती नियमावली, ती सभासदांची यादी आणि नियम सर्वांना सारखा लावण्याची शिस्त. फिरोजशहांनी मुंबईला दिलेला खरा वारसा तोच आहे. सभासदांची यादी जितकी रुंद आणि नियम जितका निःपक्षपाती, तितकी संस्था दीर्घायुषी, हे त्यांच्या विजयापेक्षाही त्यांच्या पराभवाने अधिक स्पष्टपणे शिकविले. त्या पराभूत उमेदवाराच्या स्मृतीस आदरपूर्वक अभिवादन.